चार मिनिटं दहा सेकंद

३ फेब्रुवारी

ताई,

आणि फोन आपटायची ही कुठली रीत झाली? मी "हॅलो"मधला "लो" म्हणतोय न म्हणतोय तोवर तिकडे खट्. कँटीनच्या फोनपाशी माझ्यामागे चौघं उभे होते, चौघांनी ऐकलं. एक म्हणाला, "बायको का?" मी म्हटलं, "बायको असती तर शिव्या देऊन मग ठेवला असता. बहीण आहे." म्हणून आता कागद. कागद आपटला तरी आवाज होत नाही.

तू म्हणशील चोराच्या उलट्या बोंबा. म्हण. (चोर हा शब्द म्हणीतला आहे, त्यात दुसरं काही शोधत बसू नकोस.)

पण मला एकदा सरळ सांग, मी काय वाईट चिंतलं होतं? तूच मला लहानपणापासून सांगत आलीस की आज ज्याची गिटार ऐकायला लोक मैदानं भरतात, त्या वावटळच्या पहिल्या रेकॉर्डवर ड्रम तू वाजवलेस. कव्हरवर तुझं नाव नाही, फोटो नाही, तुझ्या जागी तो टोपीवाला दात काढून उभा. तरी मी विश्वास ठेवला. त्यापायी गल्लीत दोनदा मार खाल्ला, एकदा दात पाडून घेतला. मग मला वाटलं, एकदाचा सोक्षमोक्ष लावू. सभागृहात कार्यक्रमाला चारशे माणसं जमलीच होती, ड्रम तिथे होते, रेकॉर्ड मी नेली होती. तू म्हणालीस, "नको लावूस." मी लावली. तू डोळे मिटून वाजवायला लागलीस आणि अर्ध्यावर येईतो गाणं पुढे आणि तू मागे. हात थांबवून म्हणालीस, "हे गाणं पळतंय."

सगळे हसले. मी कुठे तोंड लपवायचं? म्हणून माइकवर बोललो ते बोललो. ते इथे लिहीत नाही, तुला पाठ असेल.

दुसऱ्या दिवशी मी निघालो. या गोष्टीला दोन वर्षं झाली. दोन वर्षांत माणूस जन्मठेपेतही एखादं पत्र लिहितो.

इथे सकाळी भोंगा होतो. तरी मला जाग येते ती त्याच्या आधी. कानात तुझं ते "एक, दोन, ऊठ, चल" वाजतं, आणि "चल"ला अंगावरचं पांघरूण ओढलं जाईल म्हणून मी ते घट्ट धरतो. सत्तावीस वर्षांचा घोडा झालोय, तरी धरतो. ही सवय तू लावलीस, भरपाई तूच दे.

तुझा (नको असलो तरी) टिल्लू

१९ फेब्रुवारी

ताई,

वरच्या काकूंनी कळवलं की माझं पत्र तू न फोडता साखरेच्या डब्यामागे ठेवलंस. ठीक आहे. न फोडलेल्या पत्राला उत्तर येत नसतं एवढं सातवी नापासालाही कळतं. म्हणून हे दुसरं, त्याला तिथे सोबत होईल.

तुला माझं काम सांगायचं राहिलं. हसू नकोस. मी टेपा भाजतो.

खरंच. हे एक मोठं गोदाम आहे. त्यात एका रेकॉर्ड कंपनीच्या चाळीस वर्षांच्या टेपा रचल्यात. छोट्या कॅसेटा नव्हेत, ताटाएवढ्या चाकांवर गुंडाळलेल्या. जुन्या झाल्या की त्या चिकट होतात, लावायला गेलं तर मशिनला चिकटून त्यांचं साल निघतं, आणि सालाबरोबर गाणंही. म्हणून आधी त्या भाजायच्या. नावाला भाजणं, आच इतकी मंद की आत हात घातला तर शेकल्यासारखा वाटेल एवढीच. आठ तास भट्टीत, तेवढाच वेळ बाहेर थंड. मग काचेपलीकडच्या खोलीत कानकाका त्या एकदाच वाजवतात आणि कॉम्प्युटरवर उतरवून घेतात. एकदाच, कारण दुसऱ्यांदा ती टेप टिकेलच असं नाही. कानकाका म्हणजे इथले सर्वांत जुने कारागीर. सत्तरीचे आहेत. माणसाशी बोलताना "आं? काय?" करतात आणि टेपेवर मात्र मुंगी शिंकली तरी मशीन थांबवतात.

पहिले सहा महिने मी फक्त खोकी उचलायचो. मग भट्टीवाला सोडून गेला. काकांनी विचारलं, "घड्याळ बघता येतं का?" मी म्हटलं येतं. झालं, तेवढीच परीक्षा.

आता ऐक. काल सतरा खोकी आली. वर लिहिलंय: तळघर. तुमचा ग्रुप, ताई. वावटळच्या सुरुवातीच्या सगळ्या टेपा. कंपनी त्या नव्याने काढणार आहे, सोबत एक पुस्तिका असणार, कुठल्या गाण्यावर कुणी काय वाजवलं त्याची यादी असलेली. ती यादी करायला एक बाई आल्यात.

खोकी मीच भाजणार. माझ्या हाताला घाम आलाय, आणि तो भट्टीचा नाही.

आणखी एक. काकूंनी लिहिलंय की तू अजून ड्रमवरची मोठी झांज शोधतेस, माळ्यावरून कुठे गेली म्हणून. मला काय माहीत? भंगारवाल्याला विचार.

टिल्लू

२ मार्च

ताई,

डब्यामागे अजून जागा आहे ना?

नऊ खोकी झाली. काका वाजवत असताना मला काचेच्या आत बसू देतात, अट एकच, श्वास नाकाने घ्यायचा. मी तुला सगळं क्रमाने सांगतो, कारण मला हे दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही. माझ्या राहत्या खोलीतले बाकीचे म्हणतात, वावटळ म्हणजे तोच ना, तव्यावर पाण्याचे थेंब नाचावेत तशी बोटं नाचवणारा? तोच. पण तो आत्ताचा.

पहिल्या टेपेवर तो असा नाहीच. तुम्ही तळघरात वाजवताय, वरून कुणीतरी खुर्ची सरकवतं ते ऐकू येतं. त्याची गिटार मधेच सुटते, धावत सुटते, पायरी चुकते, पडते, उठून पुन्हा धावते. दुसऱ्या खोक्यातही तेच. काका डोळे मिटून ऐकत होते. म्हणाले, "हा पोरगा धावतोय, आणि मागून कुणीतरी त्याची कॉलर धरलीय. कोण आहे रे ड्रमवर?"

मी म्हटलं, "कव्हरवर टोपीवाल्याचं नाव आहे."

काका म्हणाले, "मी नाव नाही विचारलं."

मग त्यांनी मला कॉम्प्युटरवरून चौदाव्या खोक्यातलं थोडं ऐकवलं, ते क्रम सोडून आधीच उतरवलं होतं; त्यावर टोपीवाला नक्की आहे, मैफिलीची टेप आहे, लोक त्याच्या नावाने ओरडतात. तिथे वावटळ सुटलाय आणि टोपीवाला त्याच्या मागे धापा टाकतोय. टाळ्या काय, शिट्ट्या काय! काका म्हणाले, "वाईट नाही. पण आता याला कुणी थांबवणारं उरलेलं नाही."

मी धीर करून यादीवाल्या बाईंना विचारलं की पहिल्या टेपांवर ड्रम दुसऱ्या कुणी वाजवले असतील तर? बाई चांगल्या आहेत, चष्मा डोक्यावर ठेवून शोधत बसतात. म्हणाल्या, "वावटळकडे विचारलं होतं. त्यांच्या माणसाने कळवलं, साहेबांना त्या दिवसांचं काही आठवत नाही. मग मी कव्हरवरचं नाव घालणार. तुझ्याकडे पुरावा आहे?"

मी म्हटलं, "नाही."

"मग महिनाअखेरपर्यंत आण. त्यानंतर यादी छापायला जाते. छापलं की पुढची पन्नास वर्षं तेच खरं."

तेव्हापासून मला झोप लागत नाहीये. मी तो प्रश्न कुणासाठी विचारला तेच कळत नाही. तू खरी ठरावीस असं वाटतं. मग वाटतं, तू खरी ठरलीस तर मी त्या दिवशी माइकवर काय केलं? आणि तू खोटी ठरलीस तर निदान मी तरी वाचलो. हे असं मनात येतं, ताई. लपवून काय करू, तू पत्र फोडत नाहीसच.

"उतार" अजून व्हायचंय. तेच गाणं, सभागृहातलं. अकराव्या खोक्यात आहे. खोकं हातात घेतलं आणि परत ठेवलं.

टिल्लू

९ मार्च

ताई ताई ताई,

हे पत्र आधी फोड. बाकीची राहू देत.

"उतार" आज वाजलं. टेप कालपासून भाजून थंड होत होती, मी तिला चार वेळा हात लावून आलो, जशी काही तापातली पोर. काकांनी आवाज तपासायला ती आधी थेट गाण्यावर आणून लावली. सुरू झाली, आणि काकांनी ताडकन थांबवली. म्हणाले, "मशिनची मोटार बसली वाटतं. गाणं हळू येतंय."

ताई, मलाही ऐकू आलं. रेकॉर्ड मी हजार वेळा ऐकलीय. हे गाणं जड होतं, सूरही जरासा खाली, जसा माणूस सकाळी उठल्या उठल्या बोलतो. काकांनी मशीन उघडलं, पट्टा पाहिला, एक ठरावीक सुराची तपासायची टेप असते ती लावली. मशीन ठणठणीत. मग त्यांनी खोकं उचललं आणि झाकणाच्या आतली बाजू माझ्यापुढे धरली. आत पेन्सिलीने लिहिलं होतं. पुसट होतं, पण वाचता येत होतं:

"मूळ चार मिनिटं दहा. रेडिओ चारच्या वर घेत नाही. रेकॉर्ड कापताना वेग चढवून बसवणे."

काकांना मी विचारलं, "म्हणजे?"

"म्हणजे काय? गाणं लांब होतं. छाटायला जीव झाला नाही म्हणून पळवलं. त्या काळी सर्रास करायचे."

पळवलं. काका हाच शब्द म्हणाले. "पळवलं." हे गाणं पळतंय, असं तू म्हणाली होतीस आणि चारशे माणसं हसली होती. त्या रात्री घरी येताना गल्लीतली पोरं तुला पाहून "पळतंय, पळतंय" करत होती ते मी ऐकलं आणि ऐकलं नाही असं दाखवलं. चारशे एक माणसांत एकटी तू बरोबर होतीस. तुझे हात खऱ्या गाण्याबरोबर होते, आम्ही सगळे चुकीच्या गाण्याबरोबर.

थांब, अजून आहे. काकांनी टेप पहिल्यापासून लावली. गाण्याच्या आधी रेकॉर्डवर जे कापून टाकलंय ते टेपेवर तसंच आहे. खोलीतली खुसफुस. वावटळ म्हणतो, "मी खालीच बसून वाजवतो, उभं राहिलं की माझे पाय कापतात." आणि मग एक पोरगी, असेल एकोणीस-वीसची, दोन काठ्या एकमेकींवर आपटत ओरडते:

"एक! दोन! ऊठ! चल!"

मी पांघरूण धरलं, ताई. पांघरूण नव्हतं, काकांची शाल होती, खुर्चीवर टाकलेली. ती दोन्ही हातांनी धरली. मला आयुष्यभर वाटत आलं की ते चार शब्द तू मला उठवायला काढलेस. ते त्याला उठवायला होते! मी आपला नंतरचं गिऱ्हाईक.

आणि तुम्ही सुरू झालात. अर्ध्या मिनिटात एक लहान पोर रडायला लागतं. भोकाड पसरलंय नुसतं. तुझा ड्रम थांबतो. कुणीतरी म्हणतं, "घ्या, तिचा भाऊ उठला." आणि वावटळ, तो मैदानं भरणारा, त्या रडण्याची गिटारवर नक्कल करतो. हुबेहूब. वर चढत जाणारा ऊं ऊं ऊं. पोर गप्प. सगळे हसतात. मग तू म्हणतेस, "अजून एकदा वाजव रे ते, बाटली सापडेपर्यंत." तो वाजवतो. मोजून चार वेळा वाजवतो.

आई गेल्यावर तू मला कुठे ठेवायचीस हे मी कधी विचारलंच नव्हतं. कडेवर घेऊन स्टुडिओत नेत होतीस. काका म्हणाले, "तो कारटा कोण?" मी म्हटलं, "मी." काकांनी पहिल्यांदाच "आं?" केलं नाही. म्हणाले, "म्हणजे सुरुवातीच्या साथीदारांत तुझंही नाव घालावं लागणार."

मग तुम्ही पूर्ण वाजवलंत. चार मिनिटं दहा सेकंद. शेवटी तो धावायला बघतो आणि तू त्याला धावू देत नाहीस. मला ड्रममधलं काही कळत नाही. पण ते हात मी ओळखतो, त्याच हातांनी रस्ता ओलांडताना माझी कॉलर धरलीय.

टिल्लू

१२ मार्च

ताई,

सोबत एक फॉर्म आहे. "अमुक गाण्यांवर ड्रम मी वाजवले" असं लिहून तुझी सही हवी, बाकी साक्ष काका देतायत. यादीवाल्या बाईंनी टेपेवरून उतरवलेलं ऐकलं. त्या म्हणाल्या, "बाई आहे हे तर उघडच आहे. पण ती बाई तुझीच बहीण, हे तिनेच लिहून द्यायला हवं." एकतीस मार्चच्या आत पोचलं पाहिजे. माझ्यावरचा राग एप्रिलमध्ये चालू ठेव, त्याला तारीख नाही.

आता दोन गोष्टी. लिहायला तीन दिवस लागले.

एक. सभागृहात स्पीकर मी लावले होते. दोन्ही लोकांकडे तोंड करून. तुझ्याकडे एकही नाही. तुला गाणं धड ऐकूच येत नव्हतं, तू आठवणीने वाजवत होतीस. हे मला त्याच रात्री समजलं होतं. तरी बोललो नाही, कारण तुला खोटारडी म्हणून झालं होतं, आणि म्हटलेलं गिळायला मी तयार नव्हतो.

दोन. झांज मी विकली. भंगारवाल्याला नाही, कोपऱ्यावरच्या वाद्यांच्या दुकानात, अकराशेला. त्यातूनच इथवरचं तिकीट काढलं. म्हणजे तुला खोटं ठरवून वर तुझ्याच झांजेवर बसून पळालो. गाण्यापेक्षा मीच जास्त पळालो.

एवढंच होतं. आता फोड नाहीतर जाळ.

टिल्लू

२ एप्रिल

ताई,

एकोणतीसला तुझं पाकीट पोचलं. दोन दिवस आधी. मी गेटवर रोज टपालवाल्याला इतका छळायचो की तो मला लांबून पाहूनच नाही-नाही हात करायचा. त्या दिवशी त्याने पाकीट डोक्यावर धरून नाचवलं. मी फोडलं नाही, सरळ बाईंच्या टेबलावर नेलं. त्यांनीच फोडलं.

फॉर्मवर तुझी सही. त्या गिचमिड सहीला मी शाळेत किती नावं ठेवायचो. प्रगतिपुस्तकावर ती असली की मास्तर म्हणायचे, ही घरच्यांची सही की कोंबडीची? बाईंनी ती पाहिली, यादीतलं नाव खोडलं आणि तुझं लिहिलं. पेनाचा आवाज मला ऐकू आला. काका म्हणाले, "आता श्वास तोंडाने घेतलास तरी चालेल."

आणि तुझी चिठ्ठी. सहा ओळी. मी खिशात ठेवलीय, भट्टीपाशी जाताना बाहेर काढून ठेवतो.

म्हणजे पहिलं पत्र तू त्याच दिवशी उघडलं होतंस! तुझ्या कामावर, लाँड्रीत, इस्त्रीच्या वाफेवर धरून, आणि परत चिकटवून डब्यामागे! आणि मी इकडे न फोडलेल्या पत्रांना पत्रं लिहीत बसलोय. सगळी वाचलीस. "निदान मी तरी वाचलो" हेही वाचलंस. त्याबद्दल एक अक्षर लिहिलं नाहीस. त्यापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या.

आणि ती चौथी ओळ: "मलाच वाटायला लागलं होतं की रेकॉर्डवर मी नाही, माझं पुसून टोपीवाल्याकडून परत वाजवून घेतलं असेल." ताई, तू स्वतःला खोटं समजत होतीस? दोन वर्षं? मला वाटायचं तू माझ्यावर रागावून गप्प आहेस. तू तर मनातल्या मनात माझीच री ओढत होतीस. नाही पुसलं गं कुणी. नावच तेवढं चुकलं. फोटोच्या दिवशी मला गोवर होता हे तू लिहिलंस तेव्हा कळलं. तू आली नाहीस, नवा आलेला टोपीवाला उभा राहिला, छापणाऱ्याने फोटो बघून नावं घातली. एवढंच. एका गोवराची गोष्ट.

आता गंमत ऐक. बाईंनी तो तुकडा, "एक, दोन, ऊठ, चल" आणि पुढचं रडणं, वावटळला फोनवर ऐकवला. या वेळी माणसाला नाही, त्याला स्वतःला. बाई म्हणाल्या, त्याने एवढंच विचारलं, "तो पोरगा अजून रडतो का?"

मी बाईंना म्हटलं, सांगा त्यांना, नऊ मार्चला रडला, आता बरा आहे.

खरंच बरा आहे. पहिल्यांदाच भोंगा वाजेपर्यंत झोपलो. उठलो तेव्हा पांघरूण खाली पडलेलं होतं.

तू लिहिलंस, "सुट्टी मिळाली तर ये, नाही मिळाली तर घेऊन ये." मेच्या दुसऱ्या आठवड्यात येतोय. काकांनी "उतार" मूळ वेगात उतरवून दिलंय, बाईंनी वरून परवानगीही घेतली. सभागृह मी पत्र लिहून मागितलंय. चारशे माणसं जमतील न जमतील, पोरं तरी येतीलच, "पळतंय" म्हणणारी. या वेळी दोन्ही स्पीकर तुझ्याकडे तोंड करून. लोकांना ऐकू नाही आलं तर नाही आलं, त्यांनी उठून जवळ यावं.

फक्त झांज हवी. वाद्यांच्या दुकानदाराला मी फोन केला. हसला लेकाचा. म्हणाला, "तीच ना, कडेला नखाएवढी चीर असलेली? आहे की. कोणी घेतच नाही, तिचा आवाज फार वेळ राहतो म्हणतात." मी म्हटलं, "तिची मालकीण येईल, तिला द्या." अकराशेला घेतलेली आता कितीला देतो ते विचारू नकोस, खाली आकडा आहेच. व्यवहार माझ्या रक्तात नाही हे तुला मी पहिल्यांदा दुधाला गेलो तेव्हापासून माहीत आहे.

झांजेखाली बसते ती जाड लोकरीच्या नमद्याची गोल चकती मात्र दुकानात शोधू नकोस. विकताना ती माझ्या खिशात राहिली होती. दोन वर्षं किल्लीला अडकवून फिरलो, का ते मलाही माहीत नव्हतं. पाकिटात घातलीय, जरा मळलीय.

हे पत्र पोचलं की दुसऱ्याच दिवशी दुकानात जा, लाँड्री सुटल्यावर. काकूंना बरोबर घे, घासाघीस त्यांना करू दे.

तुझा टिल्लू

मनीऑर्डर आजच केली: चार हजार दोनशे.